चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

आमच्या नाशिकरोडला १९२८ सालापासून सरकारी नोटा छापल्या जातात. त्यामुळे बाहेरगावचा पाहुणा आला की, “तुम्हाला काय कमी? नोटा तुमच्याच गावच्या!” हा विनोद ठरलेला. पण वाचकहो, छापखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यालाही महिन्याची पंचवीस तारीख चुकलेली नाही. नोटा गावात असणे वेगळे आणि डब्यात असणे वेगळे!

मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय, तेव्हा आधी शब्दांकडे पाहू. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आणे गेले, त्याआधी दमडी गेली, कवडी गेली. पण जिभेवर ती सारी नाणी अजून खणखणतात. पैसे जपणाऱ्याला आपल्या भाषेने कंजूष, कृपण, चिक्कू, कवडीचुंबक अशी कितीतरी विशेषणे बहाल केली. काटकसरीला मात्र तिने या पंगतीत बसविले नाही. काटकसर वाया जाणाऱ्या वस्तूतून पैसा वाचविते. कंजूषपणा दुसऱ्याच्या वाट्यातून. एवढा एक भेद ध्यानात ठेवला की पुढचे सारे सोपे आहे.

नाशिककर गृहिणीची काटकसर कांद्यापासून सुरू होते. चैत्र-वैशाखात निघणारा उन्हाळ कांदा टिकतो. पावसाळी लाल कांदा टिकत नाही. म्हणून श्रावणानंतर नवा कांदा बाजारात येईपर्यंत भाव बहुधा चढतात. शेतकरी आपला कांदा चाळीत ठेवतो, तिला खालून आणि बाजूंनी वारा खेळता असतो. तोच नियम घरी पाळावा: प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बटाट्याशेजारी ठेवू नये, कोरड्या जागी पसरावा आणि आठवड्यातून एकदा सडका कांदा निवडून फेकावा. “सदनिकेत माळा कुठला?” असे कोणी विचारील. पाच बिऱ्हाडांनी मिळून एक गोणी घ्यावी; प्रत्येकीच्या वाट्याला एक टोपली येते.

हे ‘मिळून घेणे’ आपल्याकडे नवे नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७५ साली गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, ती याच तत्त्वावर. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याच्या जिनसांची यादी एकत्र द्यावी, माल एका घरी उतरावा आणि सभासदांनी आपसांत वाटून घ्यावा. मधले हात कमी, म्हणून भाव कमी. शिवाय मोठा खरेदीदार म्हणून मालाच्या प्रतीविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो, तो निराळाच. एकटीने मागितलेली सवलत ही विनवणी असते. पन्नास घरांनी मागितलेली सवलत हा व्यवहार असतो.

आता बारा आण्यांचा मसाला पाहा. कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते, हे खरे. पण जुडीच्या किमतीशेजारी पोचविण्याचे शुल्क, हाताळणीचे शुल्क अशी मंडळी येऊन बसतात. आणि शुल्क माफ व्हावे म्हणून आपण नको असलेले आणखी चार जिन्नस मागवितो. पुड्यांचेही असेच. समजा, दहा रुपयांचा शंभर ग्रॅमचा पुडा ऐंशी ग्रॅमचा झाला. किंमत तीच दिसते, पण ग्रॅममागे दहा पैशांऐवजी साडेबारा पैसे पडतात, म्हणजे चोरपावलांनी पंचवीस टक्के भाववाढ! पुड्यावर एकक किंमत, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा दर, छापण्याची तरतूद २०२१ च्या नियमदुरुस्तीने केली आहे. अक्षरे बारीक असतात. चष्मा लावावा, पण वाचावी.

विजेचे गणितही असेच सोपे आहे. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला सत्तावीस युनिटे खातो. तीस वॅटचा नवा पंखा अकराच्या आत भागवितो. वाचली सोळा युनिटे. महावितरणचा दर शंभर, तीनशे, पाचशे अशा पायऱ्यांनी चढतो. म्हणून जी युनिटे वाचतात ती सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग पायरीवरची असतात, हे विसरू नये.

इथवर सर्वांना पटेल. खरी परीक्षा पुढे आहे. २०१८ साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती साडेसातशे किलो कांद्याचे अवघे १०६४ रुपये आले. ती रक्कम त्याने निषेध म्हणून पंतप्रधानांकडे मनिऑर्डरने पाठविली. त्या आठवड्यात आपल्यापैकी कितीजणींनी कांदा स्वस्त झाला म्हणून समाधान मानले असेल! चकचकीत दुकानात छापील किमतीला माना डोलवायच्या आणि गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी म्हातारीशी हुज्जत घालायची, ही काटकसर नव्हे. ते दोन रुपये वाया जाणारे नव्हते. ते तिच्या वाट्याचे होते.

आणि घरातही वाटा पाहावाच लागतो. माझ्या आईच्या हिशेबाच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत वडिलांच्या चपला आहेत, आमची फी आहे, पाहुण्यांचे श्रीखंड आहे. तिच्या स्वतःच्या नावाची ओळ वर्षातून एकदा येते: दिवाळीचे लुगडे. चष्म्याची काच बदलल्याची नोंद शोधून सापडत नाही; ती तडकलेल्या काचेतूनच हे सुरेख हिशेब लिहीत होती. साऱ्या घराने तिच्या काटकसरीचे कौतुक केले. ती काटकसर कोणाच्या वाट्यातून निघत होती, हे कोणी विचारले नाही.

पाडव्याला व्यापाऱ्यांचे नवे वर्ष सुरू होते. आपणही एक वही घालावी, दोन आण्यांचा खर्चही तीत मांडावा आणि घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक रकाना आखावा. महिनाअखेर बेरीज करताना आधी वाचलेली रक्कम पाहू नये. आधी कोणाचा रकाना कोरा राहिला ते पाहावे. तो बहुधा वही लिहिणारीचाच असतो. पुढल्या महिन्याच्या खर्चाची सुरुवात तिथून करावी.