एंजिनाचा उच्छ्वास

लष्कराच्या कागदोपत्री जीप ही मोटार नव्हतीच. चारही चाकांना गती असलेला ‘पाव टनी ट्रक’ अशी तिची नोंद असे. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी असे सहा लाखांहून अधिक ट्रक बांधले. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि हे वाहन आपल्याकडील खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. त्या काळातील जीप अद्यापि हौसेने सांभाळणारी मंडळी आपणांत आहेत. आजचे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि युद्धकालीन जीपच्या एका लहानशा नळीविषयी आहेत.

या जीपला मूळचा एअर क्लीनर तेलाचा असतो. हवा तेलाला स्पर्शून जाळीतून जाते आणि धूळ तेलात राहते. व्यवस्था उत्तम, पण डबा गंजतो, तेल वरचेवर बदलावे लागते, हात माखतात. मग एखादे दिवशी मालक तो काढून टाकतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर कागदी फिल्टरचा सुटसुटीत डबा बसवतो. गाडी सुरू होते, मालक संतुष्ट होतो. मात्र तेल भरण्याच्या नळकांड्याकडून आलेली एक बोटभर जाडीची नळी आता कोठेच जोडलेली नसते. तिचे काय करावे, हे न उमगल्याने पुष्कळ जण तिच्यात एक बोल्ट ठोकून वर क्लिप आवळतात.

मीही एकदा नेमके हेच केले होते. दोन महिन्यांत एंजिनाच्या मागच्या बाजूने तेल ठिबकू लागले. ऑइल सील बदलले, तरी ठिबकणे थांबेना. दोष सीलचा नव्हता, माझ्या बोल्टचा होता, हे कळेपर्यंत सीलचा आणि मजुरीचा खर्च दोनदा होऊन गेला.

असे का व्हावे? दट्ट्याच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी स्फोटातील थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल असते, आम्ल असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे तेवढेच पाणी तयार होते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. बहुतेक पाणी धुरांड्यावाटे जाते. पण खाली उतरलेली वाफ तेथेच कोंडली, तर तेलात मिसळून काळा चिकट गाळ बनते. शिवाय वायूचा दाब साचतो, आणि दाबाला जेथे फट सापडेल तेथून तो तेलासह बाहेर पडतो.

त्या काळच्या बहुतेक मोटारींत हा वायू एका उघड्या नळीने खाली रस्त्यावर सोडून देत. लष्करी गाडीला पाण्यातून आणि धुळीतून जावे लागे. तिचे पोट असे उघडे ठेवून चालण्यासारखे नव्हते. म्हणून जीपमध्ये बंद मार्ग केला. एअर क्लीनर व कार्ब्युरेटर यांना जोडणाऱ्या नळीतून स्वच्छ हवा तेलाच्या नळकांड्यात येते, क्रँककेसमधून फिरते, वायू बरोबर घेते आणि बगलेच्या झाकणातून एका झडपेमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाऊन पुन्हा जळते. लॉस एंजेलिसच्या धूरधुक्यामुळे कॅलिफोर्नियातील मोटारींना हीच युक्ती १९६१ च्या सुमारास मिळाली, आणि १९६३ पासून अमेरिकेतील इतर नव्या मोटारींना. जीप त्यांच्या वीस वर्षे पुढे होती!

मधली झडप फार शहाणी आहे. एंजिन मंद फिरत असता मॅनिफोल्डची ओढ तीव्र असते. तेव्हा ती मार्ग अरुंद करते. वेग वाढला, ओढ कमी झाली, की मार्ग रुंद होतो. उलटा भडका उडाल्यास ती मिटते. ती काढून नळी सरळ जोडणारे कारागीर मी पाहिले आहेत. अशाने मंद गतीत मिश्रण पातळ होऊन एंजिन अडखळते.

आता त्या सुट्या नळीचे योग्य स्थान पाहू. नव्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूस, म्हणजे फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये, एक तोटी बसवावी आणि तेलाने न सुजणाऱ्या रबरी नळीने ती जोडावी. नळीचे आतील माप मूळच्याहून कमी नसावे. जोड फिल्टरच्या बाहेर केला, तर गाळलेल्या हवेऐवजी रस्त्याची धूळ थेट बेअरिंगांत जाईल. आणखी एक गोष्ट: चढावर, पूर्ण भार असताना, मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ नाहीशी होते आणि वायू याच नळीतून उलटा वर येतो, स्वच्छ बाजूस जोडलेली असली, तर तो कार्ब्युरेटरमध्ये शिरून जळून जातो. तोटी बसवण्यास जागाच नसेल, तर तेलाच्या नळकांड्याला स्वतःची जाळी असलेला लहान श्वसनी डबा लावावा. ही दुय्यम सोय होय. चढावर थोडा वास येईल, पण कोंडमारा होणार नाही.

काम झाल्यावर परीक्षा करावी. एंजिन गरम करून मंद चालू ठेवा, ती जोडनळी क्षणभर चिमटून बंद करा, तेलाचे झाकण काढून तोंडावर जाड कागद ठेवा. थोड्या वेळात कागद आत ओढला जाऊन चिकटला, तर मार्ग मोकळा आहे. कागद वर उडू लागला, तर झडप काढून रॉकेलमध्ये धुवा, तिच्यातील आतला भाग हलतो की नाही हे पाहा आणि पुन्हा कागद ठेवा. तरीही उडालाच, तर झडपेला बोल लावू नये; रिंगांचे काम निघाले आहे.