पंधरा टक्के, पण कसे?

म्युच्युअल फंडाची जाहिरात पाहिली की आपल्या डोळ्यांत काय भरतं? टक्के! एकाने १५ टक्के दिले, दुसऱ्याने १२, म्हणजे पहिला भारी. विषय संपला? अजिबात नाही.

समजा, 'अ' फंडाने तीन वर्षांत ३५, उणे ५ आणि १५ टक्के दिले. सरासरी १५. 'ब'ने दिले २०, ४ आणि १२. सरासरी १२. आता एम-थ्रीतलं स्टँडर्ड डेव्हिएशन आठवा. (त्याला मराठीत 'प्रमाण विचलन' म्हणतात, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हा लेख लिहितानाच कळलं!) आकडे सरासरीपासून किती लांब उड्या मारतात, त्याचं हे माप. 'अ'चं येतं २०, 'ब'चं फक्त ८.

आता धरा की बँकेच्या एफडीत निवांत ७ टक्के मिळतायत. म्हणजे धोका पत्करून 'अ'ने जादा दिले ८ आणि 'ब'ने ५. या जादा कमाईला उड्यांच्या मापाने भागा. 'अ'चे ८ भागिले २०, म्हणजे ०.४. 'ब'चे ५ भागिले ८, म्हणजे ०.६२५. धोक्याच्या मानाने 'ब'च सरस!

हाच 'शार्प रेशो'. विल्यम शार्प या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तो १९६६ मध्ये मांडला. १९५४ ते १९६३ या काळातले ३४ फंड त्यांनी या मापाने तपासले, तर डाऊ जोन्स निर्देशांकापेक्षा सरस निघाले फक्त ११!

माझे बाबा दोन वर्षांत रिटायर होतायत. त्यांच्या पीएफचे पैसे 'अ'मध्ये टाकले आणि नेमके 'उणे ५'च्या वर्षी लागले, तर ती १५ची सरासरी काय चाटायचीय?

पण फॉर्म्युल्यावरही डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफ वर्षानुवर्षं जवळजवळ न डगमगणारी कमाई दाखवत होता. छेदातला आकडा इवलासा, त्यामुळे रेशो एकदम झकास! डिसेंबर २००८ मध्ये त्याला अटक झाली आणि कळलं, की ते आकडेच बनावट होते. रेशो फक्त दिलेल्या आकड्यांचं गणित करतो. ते खरे की खोटे, हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा कोणी नुसते टक्के सांगितले, की दोन प्रश्न विचारा. ते मिळवताना उड्या किती मारल्या? आणि उड्या अगदीच नसतील, तर का नाहीत?