सोयगावहून पुण्याला, बेताच्या खर्चात

मैत्रिणींनो, सुट्टीत पुण्याला जायचं म्हटलं, की "एवढा खर्च कुठून आणायचा?" हे ठरलेलंच! आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. यंदा तसं होऊ देऊ नका. वही-पेन्सिल घ्या.

आपल्या सोयगावला रेल्वे नाही. म्हणून आधी एसटीने पाचोरा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मंच तिकीट पडतं. पाचोऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस मनमाड, दौंडमार्गे थेट पुण्याला नेते. मध्ये गाडी बदलायची यातायात नाही.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. त्याच आठवड्यात जाण्या-येण्याचं दोन्ही काढून टाका. तत्काळचे जादा पैसे वाचतात.

आता मुलं. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. पाच ते बारामधल्याला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं, हवा असेल तर पूर्ण. सहा वर्षांची लेक तुमच्या कुशीत झोपेल. अकरा वर्षांचा मुलगा मावणार नाही. त्याच्या बर्थमध्ये काटकसर नको.

सासूबाई बरोबर आहेत? ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण ४५ वर्षांवरच्या बायकांना, शिल्लक असल्यास, खालचा बर्थ मिळतो. अर्जात वय बरोबर लिहा.

दुधात भिजवलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेतली, की वाटेतलं खाणंही घरचंच.

तेव्हा आधी तिकीट काढा. ते हाती असलं, की बेत सहसा मोडत नाही!