तबकडीवरची चिठ्ठी आणि आजीचं गाणं



आवडती गाणी एका जागी केली की झाला संग्रह, असं आपल्याला वाटतं. पण तेवढ्याने भागत नाही. का, ते सांगते.

मोबाईलच्या आधी कॅसेट होती आणि त्याही आधी ग्रामोफोनची तबकडी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. तबकडी बनायची लाखेपासून. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढतो. आमच्या मोहर्लीच्या मुलांना पळस वेगळा दाखवावा लागत नाही. पण त्याच्यावरच्या लाखेतून गाणं वाजायचं म्हटल्यावर अख्खा वर्ग चकित! ही तबकडी कडक, पण ठिसूळ. हातून पडली की तुकडे.

तबकडीच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असे. त्यालाच लेबल म्हणत, आणि त्यावरच्या छापालाही. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं 'यंग इंडिया' हे लेबल होतं. एचएमव्हीच्या मानाने लहान कंपनी. तिच्याकडे गायले ते बरेचसे तरुण आणि हौशी कलाकार. सिनेमाची गाणी, शास्त्रीय संगीत, लोकगीतं आणि चक्क शैक्षणिक तबकड्यासुद्धा तिने काढल्या. पुढे कंपनी बंद पडली, कारखाना आणि गोदामं विकली गेली. तबकड्या उरल्या त्या जुन्या बाजारात आणि शौकिनांच्या कपाटात. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी त्या शोधल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्यांच्या डिजिटल प्रती झाल्या.

परदेशातही असंच घडतं. अमेरिकेतल्या पेव्हमेंट या बँडने १९८९ मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड स्वतःच काढली. लहान लेबलांवरची त्यांची अशी सुरुवातीची गाणी १९९३ मध्ये एका संग्रहात आली, म्हणून ती नव्या ऐकणाऱ्यांपर्यंत पोचली.

विखुरलेली गाणी अशी जुळवता येतात ती त्या गोल कागदामुळे. त्यावर गाणं कोणतं, गायलं कोणी आणि तबकडीचा क्रमांक काय, हे छापलेलं असतं. नुसता आवाज असता तर तो कोणाचा, हे कोण सांगणार?

हे मी अनुभवाने बोलते आहे. मागे मी गावातल्या पाच आज्यांची रोवणीची गाणी मोबाईलवर घेतली. नावं काही लिहिली नाहीत. 'लक्षात राहील की!' असं वाटलं. पुढे त्यातल्या एक आजी गेल्या. त्यांचा नातू माझ्याच वर्गात. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या आजीचं गाणं लावा ना." पाचही गाणी लावली. मला ओळखता आलं नाही, आणि त्यालाही खात्रीने सांगता आलं नाही.

म्हणून आता आम्ही प्रत्येक गाण्याआधी मुलांकडून चार गोष्टी बोलून घेतो: गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि गाणं कधी गातात. तेच वहीतही उतरवतो. दहा सेकंदांचं काम आहे.

पालकहो, आज संध्याकाळी घरातल्या आजीला एक गाणं म्हणायला लावा. पण आधी तिचं नाव तिच्याच तोंडून रेकॉर्ड करा बरं का!