उंच इमारत कशी पाहावी: लखनौच्या घंटाघरापासून बुर्ज खलिफापर्यंत

लखनौला गेलात तर रूमी दरवाजाजवळच्या हुसैनाबाद घंटाघरासमोर थोडे थांबा. १८८० च्या दशकात बांधलेला हा लाल विटांचा मनोरा सुमारे ६७ मीटर उंच आहे. आजच्या वीस मजली इमारतीएवढा. पण त्यात वीस मजल्यांची घरे बसवता आली नसती. ती का, हे समजले की गगनचुंबी इमारत म्हणजे काय हेही समजते.

विटांच्या बांधकामात भिंतच भार पेलते. वरच्या प्रत्येक मजल्याचे वजन खालच्या भिंतीवर येत जाते, म्हणून उंची वाढली की तळाची भिंत जाड करावी लागते. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीत सोळा मजल्यांसाठी तळाच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाडीच्या झाल्या. भाड्याने द्यायची जागा भिंतीनेच खाल्ली! घंटाघराला भाडेकरू नकोत, त्यामुळे त्याचे भागते.

जवळच्याच बडा इमामबाड्यातही वजनाचाच प्रश्न आहे, फक्त आडवा. १७८४ च्या सुमारास, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला यांनी तो बांधायला घेतला. सुमारे ५० मीटर लांबीच्या मुख्य दालनाला आत एकही खांब किंवा तुळई नाही. कमानदार छत भिंतींना बाहेर ढकलते आणि जाड भिंती तो रेटा थोपवतात. वरच्या भूलभुलैयातील पोकळ वाटांमुळे बांधकामाचे वजन कमी होते. गाईड गुप्त मार्गांच्या गोष्टी सांगेल, त्या जरूर ऐका. पण नजर भिंतीच्या जाडीवर ठेवा.

१८८५ मध्ये शिकागोतच होम इन्शुरन्स इमारतीत धातूचा सांगाडा वापरला गेला आणि वाट मोकळी झाली. भार खांब-तुळयांवर गेला. पुढे भिंत नुसता पडदा उरली, म्हणून ती काचेचीही चालते. सुरक्षित लिफ्ट त्याआधीच आली होती.

मात्र फार उंच गेल्यावर वजनापेक्षा वारा त्रास देतो. दुबईची ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा पाहायला जाणारे बहुतेक जण १२४ व्या मजल्यावरच्या सज्जातून खाली पाहतात. तुम्ही आधी जमिनीवर उभे राहून वर पाहा. मधल्या गाभ्याला तीन पंख तीन बाजूंनी टेकू देतात आणि वर जाताना ते पायऱ्यापायऱ्यांनी आखडत जातात. वारा इमारतीला वळसा घालताना आलटूनपालटून भोवरे सोडतो. हे भोवरे एका तालात पडले तर इमारत झोपाळ्यासारखी डोलू लागते. प्रत्येक टप्प्यावर आकार बदलल्यामुळे तो तालच जमत नाही.

आता परत लखनौला. हे शहर गंगेच्या मैदानातील गाळावर वसले आहे. खडक शेकडो मीटर खाली. अशी जमीन भूकंपाचे हादरे वाढवू शकते, आणि उत्तरेला हिमालय आहे. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात याच मैदानाच्या पूर्वेकडील भागात ओली वाळू द्रवासारखी झाली आणि घरे खचली.

प्रत्येक इमारतीचा स्वतःचा दोलनकाल असतो, म्हणजे एकदा डोलून परत येण्याचा वेळ. ढोबळ हिशेब असा: मजल्यांची संख्या भागिले १०, उत्तर सेकंदांत. दहा मजल्यांना सुमारे १ सेकंद. जमिनीच्या हादऱ्यांचा ताल त्याच्याशी जुळला तर अनुनाद होतो, म्हणजे डोलणे वाढत जाते. त्यामुळे सर्वांत उंच इमारतच सर्वांत धोक्यात असते असे नाही.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक अपार्टमेंट कोसळली. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता: वरचे मजले भिंतींनी ताठ, खाली नुसते खांब. सगळी हालचाल त्या खांबांवर आली आणि ते मोडले.

स्वाध्याय: लखनौच्या गोमतीनगरातील किंवा तुमच्या शहरातील एखादी नवी इमारत निवडा. मजले मोजून दोलनकाल काढा. मग पार्किंगमध्ये जाऊन पाहा: खांबांच्या मध्ये कुठे काँक्रीटची सलग भिंत वरपर्यंत गेली आहे का? लिफ्टभोवतालची भिंत बहुधा तशी असते. ती कुठे आहे, मध्यभागी की एका कडेला, हे आराखडा काढून दाखवा. कडेला असेल तर भूकंपात इमारत पिळली का जाईल, ते दोन ओळींत लिहा.