व्होल्टेज न वाढवणारा ट्रान्झिस्टर कशासाठी?

'ट्रान्झिस्टर म्हणजे विवर्धक' असे वर्गात शिकवले, की सामाईक-कलेक्टर जोडणीपाशी विद्यार्थी हटकून अडतात. या जोडणीत बाहेर मिळणारे विभव आत दिलेल्या विभवापेक्षा थोडे कमीच असते. मग ती हवी कशाला? एका साध्या प्रयोगातून याचे उत्तर मिळते.

९ व्होल्टच्या बॅटरीला १० किलोओहमचे दोन रोध एकसर जोडणीत जोडा. त्यांच्या मधल्या बिंदूपाशी डिजिटल मल्टिमीटर सुमारे ४.५ व्होल्ट दाखवील. आता या बिंदूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत १ किलोओहमचा रोध जोडा. विभव एकदम पाऊण व्होल्टपर्यंत घसरते! नव्या रोधाला हवी तेवढी धारा वरच्या १० किलोओहममधून येऊच शकत नाही.

हा रोध काढून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घ्या. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. कलेक्टर बॅटरीच्या धन टोकाला, बेस मधल्या बिंदूला आणि १ किलोओहमचा रोध एमिटर व ऋण टोक यांच्यामध्ये जोडा. आता मधल्या बिंदूपाशी सुमारे ४.४ आणि एमिटरपाशी सुमारे ३.७ व्होल्ट मिळतात.

असे का होते? चालू ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्टचा फरक असतो. एमिटरचे विभव घसरू लागले, की हा फरक वाढतो, ट्रान्झिस्टर अधिक धारा वाहू देतो आणि एमिटरचे विभव पुन्हा चढते. ते जास्त चढले, तर याच्या उलट घडते. थोडक्यात, एमिटर बेसच्या मागोमाग चालतो. म्हणूनच या जोडणीला 'एमिटर फॉलोअर' असेही म्हणतात.

रोधातून ३.७ मिलिअँपिअर धारा वाहते. ट्रान्झिस्टरचा धारा-लाभ २०० धरला, तर बेसला तिचा सुमारे दोनशेवा भागच लागतो. उरलेली सारी धारा कलेक्टरमार्गे थेट बॅटरीतून येते. मधल्या बिंदूला १ किलोओहमचा रोध जणू २०० किलोओहमचा भासतो. विवर्धन झाले ते धारेचे!

रोध एमिटरला, मग नाव कलेक्टरचे का? बेस आणि एमिटरचे विभव बदलले, तरी बॅटरीला जोडलेल्या कलेक्टरचे विभव स्थिर राहते. बदलत्या संकेताच्या दृष्टीने तो आदान व प्रदान या दोन्ही बाजूंना सामाईक ठरतो.

शेवटी १ ऐवजी २.२ किलोओहमचा रोध लावा. एमिटरचे विभव किती बदलेल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज वहीत लिहू द्या. मगच मल्टिमीटर लावा.