पहिले व्याख्यान : सॉफ्टवेअर परिषदांचे अर्थशास्त्र

सॉफ्टवेअर हा ज्ञानाधिष्ठित उद्योग आहे. मात्र या ज्ञानाचा मोठा भाग पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. एखादी प्रणाली का कोसळली, कोणता उपाय फसला आणि कोणता लागू पडला, हे ते काम प्रत्यक्ष केलेला विकासकच सांगू शकतो. मायकेल पोलान्यी यांनी अशा अनुभवजन्य ज्ञानाचे वर्णन ‘अव्यक्त ज्ञान’ असे केले आहे. विकासकांच्या परिषदा हे ज्ञान व्यक्त होण्याचे एक महत्त्वाचे व्यासपीठ होय. त्यामुळे तेथे प्रथमच बोलण्याची संधी कोणाला मिळते, हा प्रश्न केवळ व्यक्तिगत धाडसाचा नसून आर्थिक महत्त्वाचाही आहे.

परिषदांचे स्वरूप

भारतात २००१ साली सुरू झालेली ‘लिनक्स बेंगलोर’ ही परिषद २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखली गेली. पायथन या संगणकभाषेची ‘पायकॉन’ परिषद अमेरिकेत २००३ मध्ये, तर भारतात २००९ मध्ये बंगळुरू येथे प्रथम भरली. स्वयंसेवकांनी चालविलेल्या अशा परिषदांत व्याख्याते बहुधा जाहीर आवाहनातून निवडले जातात. इच्छुकांनी विषय, आशय आणि श्रोत्यांना होणारा लाभ नमूद करून प्रस्ताव पाठवायचा असतो. निवड समिती त्यांची छाननी करते. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे होतात. मानधन सहसा नसते.

विनामूल्य श्रमाचे कारण

मानधन नसताना विकासक ही मेहनत का घेतात? याचे एक उत्तर मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘संकेतन’ सिद्धांतात मिळते. उमेदवाराची खरी कुवत नोकरी देणाऱ्यास ठाऊक नसते; ही माहितीची विषमता होय. ज्यांच्याजवळ कुवत नाही त्यांना देणे कठीण जाईल, असाच संकेत अशा वेळी विश्वासार्ह ठरतो. जाणकार श्रोत्यांच्या प्रश्नांपुढे उसने ज्ञान फार काळ टिकत नाही, म्हणून व्याख्यान हा असा संकेत ठरू शकतो. जोश लर्नर व ज्याँ तिरोल यांनी २००२ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या संदर्भात नावलौकिक व भावी रोजगाराची प्रेरणा अशाच प्रकारे उलगडली आहे.

लाभ मात्र वक्त्यापुरता राहत नाही. व्याख्यानाचे मुक्त ध्वनिचित्रमुद्रण एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. म्हणजेच त्याचे स्वरूप सार्वजनिक वस्तूसारखे असते. तयारी, प्रवास व रजेचा खर्च वक्त्याने सोसायचा आणि लाभ मात्र सर्वांना, अशी ही सकारात्मक बाह्यता आहे. अशा वस्तूचा पुरवठा समाजाच्या गरजेपेक्षा कमी राहतो.

पहिल्या पायरीचा अडसर

पूर्वी बोललेल्या व्यक्तीची निवड करणे समितीला सुरक्षित वाटते. परंतु पूर्वानुभव मिळण्यासाठी आधी संधी मिळावी लागते. प्रत्येक समितीची सावधगिरी समजण्याजोगी असली, तरी सर्वांच्या सावधगिरीतून तेच ते वक्ते पुढे येतात. लहान शहरांतील विकासक, स्त्रिया आणि भारतीय भाषांतून शिकलेले तरुण यांना हा अडसर अधिक जाणवतो. त्यांचे न बोलणे ही त्यांची वैयक्तिक हानी असतेच. शिवाय त्यांचा अनुभव इतरांपर्यंत पोहोचत नाही.

यावर काही उपाय रूढ झाले आहेत. पहिल्या छाननीत नावे झाकल्यास ओळखीचा प्रभाव घटतो. तथापि केवळ त्याने भागत नाही, कारण सफाईदार इंग्रजीत लिहिलेला प्रस्ताव तरीही वरचढ ठरू शकतो. म्हणून अनुभवी मार्गदर्शकाची जोड आवश्यक ठरते. सुमारे पाच मिनिटांच्या लघुव्याख्यानांमुळे नवख्याला कमी जोखमीत सुरुवात करता येते. प्रवास-साहाय्यामुळे खर्चाचा अडथळा दूर होतो.

सार्वजनिक धोरणाची भूमिका

बाह्यता असलेल्या क्षेत्रात शासकीय साहाय्याचे समर्थन करता येते. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानांतर्गत आयआयटी मुंबईत चाललेल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्तस्रोत साधनांचा शिक्षणात प्रसार केला, तसेच ‘सायपाय इंडिया’ परिषदाही भरविल्या. २०१५ मध्ये केंद्राने शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ही साधने वापरणाऱ्या देशात ती घडविणारे आणि त्यांविषयी अधिकाराने बोलणारेही निर्माण व्हावयास हवेत. त्यासाठी जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांत लहान परिषदा भरविणे आणि तेथे विद्यार्थ्यांना भारतीय भाषांतून पहिले व्याख्यान देता येणे, ही अल्प खर्चाची परंतु दीर्घकाळ फळ देणारी गुंतवणूक ठरेल.